स्वतंत्र पक्ष : ठिणगी नागपुरात, अधिवेशन मुंबईत, आणि महाराष्ट्रात आमदार शून्य

माळरान (धागाकर्ता)

स्वतंत्र पक्षाचा विषय निघाला की चर्चा ‘राजेरजवाड्यांचा आणि शेठजींचा पक्ष’ या एका शेऱ्यावर आटोपते. शेरा अगदीच खोटा नाही. पण ज्या पक्षाचं कारण नागपुरात घडलं, ज्याचं पहिलं अधिवेशन मुंबईत भरलं आणि ज्याचा सरचिटणीस मुंबईचा माजी महापौर होता, त्याला १९६२ आणि १९६७ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्रातून एकही जागा मिळाली नाही. याचा उलगडा त्या शेऱ्याने होत नाही. शेजारच्या गुजरातेत याच पक्षाने १९६७ ला काँग्रेसच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. मग आपल्याकडेच काय बिनसलं?

थोडी पार्श्वभूमी. जानेवारी १९५९ च्या नागपूर काँग्रेसमध्ये संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र करायच्या, मालकी शेतकऱ्याच्या नावावर राहील, पण कसणं सगळ्यांनी मिळून, आणि उत्पन्नात जमिनीच्या प्रमाणात वाटा. आधी तीन वर्षं सेवा सहकारी संस्था उभारायच्या, कमाल जमीनधारणेचे कायदे त्या वर्षअखेरपर्यंत करायचे. चौधरी चरणसिंगांनी अधिवेशनातच ठरावाला विरोध केला, पण ते काँग्रेसमध्येच राहिले. आंध्रचे जुने किसान नेते एन. जी. रंगा मात्र बाहेर पडले. रशिया आणि चीनमध्ये एकत्रित शेतीने काय केलं याच्या बातम्या येतच होत्या. सातबारा नावावर असून वावरात काय पेरायचं ते दुसऱ्याने ठरवायचं, ही भीती खरी होती.

४ जून १९५९ ला मद्रासमध्ये नव्या पक्षाची घोषणा झाली. संस्थापक राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, तेव्हा ८० वर्षांचे. गव्हर्नर जनरल आणि मुख्यमंत्री ही पदं भोगून झालेला माणूस त्या वयात नेहरूंच्या विरोधात पक्ष काढतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं. १ आणि २ ऑगस्टला मुंबईत पहिलं अधिवेशन. रंगा अध्यक्ष, मिनू मसानी सरचिटणीस, सोबत कन्हैयालाल मुन्शी, होमी मोदी, व्ही. पी. मेनन. ‘लायसन्स-परमिट राज’ हा शब्दप्रयोग राजाजींचा. २१ तत्त्वांचा जाहीरनामा होता आणि त्यात एक सोय होती जी मला फार मोलाची वाटते. मूलभूत तत्त्वांपलीकडच्या विषयांवर पक्षाच्या सभासदाने स्वतःच्या मताप्रमाणे बोलावं, मत द्यावं. पक्षादेशाचा बडगा नाही. राजाजी कट्टर दारूबंदीवाले, मसानी तिच्या विरोधात, आणि दोघं एकाच पक्षात नांदले ते त्यामुळेच.

१९६२ ला लोकसभेत १८ जागा आणि ७.८९ टक्के मतं. १९६७ ला ४४ जागा, ८.६७ टक्के, लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष. ओरिसात राजेंद्र नारायण सिंह देव मुख्यमंत्री. १९७१ ला ८ जागा, ३.०७ टक्के. २५ डिसेंबर १९७२ ला राजाजी गेले. ऑगस्ट १९७४ मध्ये पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. नागपूरच्या ठरावाला काँग्रेसमध्ये राहून विरोध करणारा माणूस आणि त्याच ठरावामुळे जन्मलेला पक्ष असे १५ वर्षांनी एकत्र आले.

माझं मत आधीच सांगतो. पक्षाचा विचार शेतकऱ्याच्या जमिनीवर उभा होता, पण मतं मात्र त्याने उसनी घेतली. ओरिसात गणतंत्र परिषद या संस्थानिकांच्या पक्षाची, बिहारमध्ये रामगढच्या राजाची, राजस्थानात जयपूरच्या राजघराण्याची. रामगढचे राजे कामाख्य नारायण सिंह १९६२ ला आपला सगळा गोतावळा घेऊन आले, बिहार विधानसभेत पक्षाचे ५० आमदार झाले, आणि दोनेक वर्षांत राजेसाहेब निघून गेले. बिहारमधला पक्ष त्यांच्याबरोबरच गेला. महाराष्ट्रात अशी उसनी मतं देणारं कोणी नव्हतं, आणि स्वतःची कमावण्याचे कष्ट पक्षाने घेतले नाहीत.

---

आकडेमोड

वाचनखूण साठवली. एक भर. १९६७ ला जनसंघाला ९.३१ टक्के मतं आणि ३५ जागा, म्हणजे मतं स्वतंत्रपेक्षा जास्त आणि जागा कमी. स्वतंत्रची मतं तीन-चार राज्यांत दाटलेली होती, म्हणून जागा मिळाल्या. आणि म्हणूनच त्या तीन-चार राज्यांत वारं फिरलं तेव्हा अख्खा पक्ष उघडा पडला.

---

गोदातीर

माळरान, कष्ट घेतले नाहीत हे खरं, पण घेतले असते तरी फळ आलं असतं का? मी श्रीरामपूर भागातला, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरा कारखाना उभा केला तो १९५० च्या सुमारास. नागपूरचा ठराव झाला तेव्हा आमच्याकडच्या शेतकऱ्याला ‘सहकार’ म्हटलं की स्वतःच्या उसाला भाव, कारखान्याचा शेअर, सोसायटीचं कर्ज आणि बँकेच्या संचालक मंडळावर बसलेला पाहुणा आठवत होता. जमीन आपली, ऊस आपला, फक्त गाळप एकत्र. त्याला ‘सहकार म्हणजे तुझी जमीन गेली’ असं सांगायला मुंबईहून कोणी आलं असतं तर त्याने चहा पाजून परत पाठवलं असतं. यशवंतराव चव्हाणांनी हे बरोबर ओळखलं होतं. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या, यांतून गावच्या कर्त्या माणसाला सत्तेत जागा मिळाली. गुजरातेत जो बागायतदार स्वतंत्रकडे गेला, तो आपल्याकडे काँग्रेसमध्येच तालेवार झाला. संयुक्त शेतीचा ठराव महाराष्ट्रात कधी वावरापर्यंत पोचलाच नाही, कारण तो पोचू नये यात काँग्रेसच्याच लोकांचं हित होतं.

विरोधाची जागाही रिकामी नव्हती. शेतकरी कामगार पक्ष गावोगाव होता. १९६२ ला शेकापचे १५ आमदार, १९६७ ला १९.

पण तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो, आणि तो माझ्या घरचा आहे. खंडकरी. आमच्या भागातल्या शेकडो शेतकऱ्यांनी खासगी साखर कंपन्यांना जमिनी खंडाने दिल्या होत्या. १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कंपन्यांकडच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ काढून त्याच्याकडे सोपवल्या. खंडाने देणारा मूळ मालक बहुतेक वेळा छोटा शेतकरी. कंपनीची म्हणून त्याची जमीन गेली! माझ्या आजोबांच्या पेटीत खंडाचा करारनामा होता, शिक्क्याचा कागद, घडीवर फाटलेला. तो त्यांनी मरेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. जमीन परत मिळायला तीन पिढ्या गेल्या. मालमत्तेच्या हक्काचा इतका सरळ प्रश्न मालमत्तेच्या हक्कासाठी निघालेल्या पक्षाला शोधूनही सापडला नसता. आणि खंडकऱ्यांचे मोर्चे कोणी काढले? लाल बावट्यावाल्यांनी. स्वतंत्र पक्षाचा माणूस आमच्याकडे फिरकल्याचं माझ्या घरात कोणाला आठवत नाही.

---

माळरान

गोदातीर, खंडकऱ्यांचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो माझ्या म्हणण्याच्या मुळाशी जातो. मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज सुरू केलं होतं. पुस्तिका, व्याख्यानं, अर्थसंकल्पावरची भाषणं, सगळं चोख. पण जवळजवळ सगळं इंग्रजीत आणि मुंबईच्या सभागृहांत. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या आठवणी ताज्या असलेल्या त्या काळात दक्षिण मुंबईतले पारशी-गुजराती उद्योगपती आणि वकील म्हणजे मराठी माणसाच्या लेखी मुंबई द्यायला नाखूश असलेला वर्ग. त्या मंडळींनी ‘तुमच्या जमिनीचं रक्षण आम्ही करू’ म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार?

---

घामाचा हिशेब

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळी जमीन असणाऱ्यांभोवती. ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याला या पक्षाने काय देऊ केलं? १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळकायद्याने आपल्याकडे लाखो कुळांना मालकी मिळाली. माझे आजोबा त्यांतले एक. सरकारचा हात मालमत्तेला लागला म्हणूनच आमच्या नावावर जमीन आली. कुळकायद्यात ज्यांची गेली त्यांना स्वतंत्र पक्ष जवळचा वाटला असेल, पण त्यांच्यामागे गावात मतं उरली नव्हती आणि ते स्वतः शहरात आले होते.

राजाजींबद्दल आदर ठेवूनही एक आठवण करून देतो. १९५३ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री असताना त्यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. चांभाराच्या पोराने चांभारकीच शिकायची, असा त्याचा अर्थ द्रविड चळवळीने लावला आणि मला तो बरोबर वाटतो. १९५४ ला त्यांना पद सोडावं लागलं. सरकारने माणसाच्या आयुष्यात ढवळाढवळ करू नये हे तत्त्व ज्याच्या वाट्याला आधीच बरं आयुष्य आलंय त्याला सोयीचं असतं. ‘गरिबी हटाओ’ने १९७१ ला हा पक्ष धुऊन काढला, त्यात घोषणेची जादू होतीच. पण समोरच्यांकडे ‘इंदिरा हटाओ’पलीकडे गरिबाला सांगण्यासारखं काही नव्हतं, हेही तितकंच खरं.

---

विश्वामित्रीकाठ

मी बडोद्याची. आमच्याकडे स्वतंत्र पक्ष म्हणजे भाईकाका, भाईलालभाई पटेल. पेशाने इंजिनिअर. आणंदजवळच्या माळावर वल्लभ विद्यानगर त्यांनी वसवलं. सरकारी अनुदानाची वाट न पाहता लोकांकडून जमिनी मिळवून कॉलेजं उभी केली. असा माणूस गावात येऊन ‘सरकारवर विसंबू नका’ म्हणाला की ऐकणाऱ्याला पुरावा समोर दिसत होता. चरोतरचे पाटीदार त्यांच्यामागे होतेच, पण एरवी एकमेकांशी फटकून वागणारे पाटीदार आणि क्षत्रिय त्यांनी एकत्र बांधले. १९६७ ला विधानसभेत १६८ पैकी ६६ जागा, काँग्रेस ९३ वर. लोकसभेत तर गुजरातच्या २४ पैकी १२ जागा स्वतंत्रच्या आणि ११ काँग्रेसच्या. सरदारांचे चिरंजीव डाह्याभाईही राज्यसभेत याच पक्षाचे होते.

म्हणून माळरान यांना विचारते, गुजरातेत तर मतं उसनी नव्हती, कमावलेली होती. मग तिथेही चार वर्षांत १२ च्या २ का झाल्या? माझं उत्तर मोरारजीभाई. १९६९ ला काँग्रेस फुटली आणि इंदिराबाईंना विरोध करणारा, समाजवादाचा फारसा उत्साह नसलेला, वर गुजरातचाच असा दुसरा मोठा पक्ष तयार झाला. १९७१ ला मोरारजीभाईंच्या या संघटना काँग्रेसने गुजरातेत ११ जागा घेतल्या. स्वतंत्रचा मतदार विचार न बदलता शेजारच्या घरात राहायला गेला. पिलू मोदी गोध्र्यातून आणि एच. एम. पटेल धंधुक्यातून, एवढेच दोघं टिकले.

---

आकडेमोड

विश्वामित्रीताई, +१. मसानींची स्वतःची राजकोटची जागाही त्याच निवडणुकीत गेली आणि तेव्हा त्यांच्याकडे असलेलं पक्षाचं अध्यक्षपद त्यांनी सोडलं.

---

वर्धा रोड

१९६९ चा विषय निघालाच आहे तर चिंतामणराव देशमुखांना विसरू नका. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मूळचे महाडजवळच्या नाते गावचे, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे सी. डी. त्या वर्षीच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र आणि जनसंघाचे उमेदवार तेच होते. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पांनी या दोन पक्षांच्या नेत्यांना भेटून काँग्रेसचे उमेदवार संजीव रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मतं मागितली. झालं! आपल्याच पक्षातले ज्येष्ठ उजव्यांशी हातमिळवणी करतात असं सांगायला इंदिराबाईंना आयतं कारण मिळालं. पहिल्या पसंतीची मतं इंदिराबाईंचा कल असलेल्या व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. रेड्डी पडले आणि काही महिन्यांत काँग्रेस फुटली. स्वतंत्र पक्षाच्या मदतीची नुसती मागणीही केवढ्याला पडली पाहा.

महाराष्ट्रात पाय रोवायला सी. डीं.सारखा माणूस पक्षाने १९५९ लाच पुढे करायला हवा होता. मुंबईसाठी मंत्रिपद सोडलेला, मराठी, अर्थशास्त्र कोळून प्यायलेला. त्यांनी होकार दिला असता की नाही हा भाग वेगळा.

---

माळरान

दोघांतिघांना एकत्र उत्तर देतो.

विश्वामित्रीकाठ, गुजरातबद्दल तुमचं म्हणणं पटतं. तिथे पक्ष जमिनीतून उगवला होता आणि त्याला संघटना काँग्रेसने खाल्लं. ‘उसनी मतं’ हे बिहार, ओरिसा, राजस्थानपुरतं धरा. राजस्थानातही जोर खोटा नव्हता. १९६७ ला काँग्रेसला १८४ पैकी ८९ आणि स्वतंत्रला ४८ जागा, बाकीचे विरोधक एकत्र आले होते, तरी राज्यपाल संपूर्णानंदांनी सरकार बनवायला काँग्रेसच्या सुखाडियांना बोलावलं. जयपुरात निदर्शनं, गोळीबार आणि शेवटी राष्ट्रपती राजवट. गायत्रीदेवी १९७१ च्या लाटेतही जयपूरमधून निवडून आल्या.

पैशाचा मुद्दा कोणी काढला नाही, तो मी काढतो. जे. आर. डी. टाटांनी १९६१ मध्ये नेहरूंना कळवलं होतं की आम्ही काँग्रेसबरोबर स्वतंत्रलाही देणगी देणार, आणि नेहरूंनी त्याला हरकत घेतली नाही. इंदिराबाईंच्या सरकारने १९६९ मध्ये कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावरच बंदी घातली. सत्ताधारी पक्षाला रोखीने पैसा मिळतच राहिला. धनादेशाने देणग्या घेणाऱ्या पक्षाची कोंडी झाली. सभासदांकडून चार-चार आणे गोळा करायची सवय लावली असती तर ही वेळ आली नसती.

घामाचा हिशेब, कुळकायद्याबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही. कसणाऱ्याला मालक करणं मला मालमत्तेच्या हक्काच्या विरोधात वाटतच नाही, मालक वाढवणं वाटतं. स्वतंत्र पक्षाने हीच भूमिका ठणकावून घ्यायला हवी होती. रंगा आयुष्यभर छोट्या शेतकऱ्याबद्दल बोलत आले होते, पण व्यासपीठावर त्यांच्या शेजारी महाराजे बसले की ऐकणाऱ्याला महाराजेच दिसत. पुढे रंगाही काँग्रेसमध्ये परतले आणि १९८० मध्ये गुंटूरमधून तिच्याच तिकिटावर निवडून आले.

एका बाबतीत मात्र मी या पक्षाचा ऋणी आहे आणि तुम्हीही असावं असं मला मनापासून वाटतं. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पक्षाचे नेते रुस्तम कावसजी कूपर भागधारक म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले, नानी पालखीवालांनी बाजू मांडली आणि १० फेब्रुवारी १९७० ला दहा विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा रद्द झाला. सरकारने आणखी एक कायदा करून बँका घेतल्याच. मग १९७१ च्या २५ व्या घटनादुरुस्तीने संपत्ती घेताना द्यायच्या ‘नुकसानभरपाई’ऐवजी नुसती ‘रक्कम’ असं घटनेत लिहिलं. पण सरकारच्या कृतीचा नागरिकाच्या हक्कांवर प्रत्यक्ष परिणाम काय होतो ते न्यायालयाने तपासायचं, हे कूपर खटल्यातलं सूत्र टिकलं. ते बँकवाल्यांच्या जितकं कामाचं तितकंच खंडकऱ्यांच्या आणि तुमच्या-माझ्याही.

आणि पुढचं जास्त लागतं. १९७७ ला जनता सरकार आलं, त्यात लोकदलातून गेलेले जुने स्वतंत्रवाले होते, एच. एम. पटेल तर अर्थमंत्री. त्याच सरकारच्या काळात १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला! ज्यासाठी पक्ष काढला, तेच आपल्या माणसांच्या सरकारने सोडून दिलं. १९७१ च्या पराभवापेक्षा मला हा पराभव मोठा वाटतो. विलीन होऊन सत्ता मिळाली, पण आग्रह धरणारा गट उरला नाही.

---

लाल बिल्ला

मी शेतकरी संघटनेत उमेदीची वर्षं घातली, म्हणून थोडं पुढचं सांगतो. शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. नाव मुद्दाम घेतलं होतं आणि राजाजी-मसानींचा वारसा ते उघडपणे सांगत. गोदातीर यांच्या भागात जो फिरकलाच नाही तो माणूस, जो मुंबईच्या सभागृहातली भाषा ज्वारी-कांद्याच्या भाषेत सांगू शकतो, तो ३५ वर्षं उशिरा आला. साहेबांच्या सभेला लाखो माणूस यायचं. रास्ता रोकोत पोलिसांच्या लाठ्या खाल्लेली माणसं मतदानाच्या दिवशी मात्र आपापल्या जातीच्या आणि कारखान्याच्या उमेदवाराला मत देऊन यायची. हे मी बूथवर बसून पाहिलंय, आणि त्याचं दुःख अजून गेलेलं नाही. २००४ ला राजुऱ्यातून वामनराव चटप निवडून आले, तेवढंच समाधान.

तेव्हा माळरान, स्वतंत्र पक्षाने कष्ट घेतले नाहीत म्हणून महाराष्ट्रात रुजला नाही, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. आम्ही कष्ट घेतले होते. शेतकऱ्याला आंदोलनात स्वातंत्र्य हवं असतं आणि निवडणुकीत संरक्षण. कर्ज, ऊसतोड, मुलाची नोकरी या सगळ्यासाठी ज्याच्या दारात जावं लागतं त्याच्या विरोधात मत देणं सोपं नसतं. गोदातीर यांचा सहकार तोच आहे, फक्त दुसऱ्या बाजूने पाहिलेला.

---

नवखा_२२

सगळे प्रतिसाद वाचले, खूप नवीन कळलं. काका, एक प्रश्न. आज कोणाला स्वतंत्रसारखा पक्ष नोंदवायचा असेल तर नोंदवता येईल का? समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते असं ऐकलं.

---

लाल बिल्ला

बरोबर ऐकलंस. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ. पक्षाच्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचा उल्लेख असल्याशिवाय निवडणूक आयोग नोंदणी करत नाही. स्वतंत्र पक्ष १९७४ ला विलीन झाला तरी मुंबईतल्या थोड्या मंडळींनी महाराष्ट्र शाखा जिवंत ठेवली होती. एस. व्ही. राजू त्यांतले प्रमुख. या अटीविरुद्ध ते नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात गेले. जोशी साहेबांनी राज्यसभेत असताना ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही, अट आजही आहे.

---

घामाचा हिशेब

मी समाजवादी घरातला, तरी सांगतो, ही अट चुकीची आहे. समाजवाद मतदारासमोर जिंकायचा असतो, नोंदणीच्या अर्जावर नाही. बाकी जमिनीच्या प्रश्नावर माझं मत तसूभरही बदललेलं नाही. लाल बिल्ला, तुम्ही ‘संरक्षण’ म्हणालात त्यात शेतमजूर कुठे बसतो यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

माळरान

काढूच. तोवर एक विनंती. कोणाच्या घरी १९६२ किंवा १९६७ च्या प्रचारातली, तारा या निशाणीची मराठी पत्रकं असतील तर फोटो इथे टाका. मुंबईबाहेरच्या मतदाराला पक्षाने मराठीत नेमकं काय सांगितलं, की काहीच सांगितलं नाही, हे मला पाहायचं आहे. लाल बिल्ला यांच्या आक्षेपाला त्यानंतर उत्तर देईन.